वाकलेल्या सळया

नेमबाजी क्लबच्या स्टोअरमध्ये अठरा वर्षं काढलेल्या गृहस्थांना सगळे भिंगकाका म्हणत. खिशात पेनाच्या जागी भिंग असे. एखादी वस्तू परत आली की ते आधी वस्तूकडे बघत आणि मग ती आणणाऱ्याकडे. हे दुसरं बघणं जरा जास्तच वेळ चाले. घरी शेजाऱ्यांनी नेलेली शिडी परत आली, तरी ते तिच्या पायऱ्या मोजून घेत.

"अहो, शिडीची पायरी कोण चोरणार आहे?" बायको कपाळाला हात लावी.

"लोकांना असंच वाटतं, म्हणून तर चोरणाऱ्याचं फावतं," ते म्हणत.

रायफली ज्याच्या त्याच्या परवान्यावर, ज्याच्या त्याच्या ताब्यात. भिंगकाकांकडे होत्या त्या रायफलीच्या नळ्या आतून साफ करायच्या सळया. एकसंध पोलादी, मीटरभर लांब, वर काळं पातळ आवरण आणि टोकाला फिरती मूठ. अशी सळई केसभर जरी वाकली, तरी नळीच्या आतल्या पिळांना घासते आणि चांगल्या रायफलीचा नेम कायमचा बिघडतो. म्हणून ते सळई कधी कोपऱ्यात उभी करत नसत. कपाटात प्रत्येकीला तिची खुंटी, मूठ वर, टोक अधांतरी. स्पर्धेला जाताना त्या जाड कॅनव्हासमध्ये गुंडाळायच्या आणि व्हॅनच्या मागच्या लांब सीटवर आडव्या बांधायच्या. अठरा वर्षांत एकही वाकली नव्हती.

व्हॅनवर चालक म्हणून जावई आले आणि चारच महिन्यांत तीन सळया वाकल्या.

जावयांना तिथे चिकटवलं होतं खुद्द भिंगकाकांनीच, लेकीच्या आग्रहाखातर. पहिल्यांदा त्यांनी मनाची समजूत घातली. दुसऱ्यांदा सळई टेबलावरच्या काचेवर लोळवली, ती टकटक करत डुगडुगली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्यांदा त्यांनी कॅनव्हास नाकाशी धरला. तेलाचा वास ओळखीचा होता, पण त्याखाली आणखी एक उग्र, झोंबणारा वास होता. असलं काही स्टोअरमध्ये नव्हतंच.

"जावईबापू, वाटेत कॅनव्हास सोडता का हो कधी?"

"नाही बाबा. मी कशाला सोडू?" जावई उत्तरले, पण नजर चुकवून.

झालं! जावई वाटेत कुणाच्या तरी चोरट्या बंदुका साफ करून देतात आणि हा त्यांच्याच तेलाचा वास, असं भिंगकाकांनी दोन दिवसांत मनाशी पक्कं केलं. जावई जेवायला आले की ते त्यांच्या बोटांकडे बघत राहत. लेक एकदा म्हणालीसुद्धा, "बाबा, त्यांच्या ताटात काय शोधताय?"

पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांनी क्लबच्या सचिवांच्या हातात चिठ्ठी दिली. 'सळया मुद्दाम वाकवल्या जात आहेत. चालकावर लक्ष असावं.' घरी मात्र चकार शब्द काढला नाही. स्पर्धेच्या दिवशी सकाळी दवाखान्यात जातो म्हणून बाहेर पडले आणि पहिली बस पकडून व्हॅन जिथे हमखास थांबते त्या हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तोंडासमोर वर्तमानपत्र. बातमी एकही वाचली नाही.

तासाभराने व्हॅन आली. जावयांनी ती टपरीसमोर न लावता मागच्या झाडाआड नेली. उतरले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मागचं दार उघडून आत चढले. कॅनव्हासची गुंडाळी सोडवून दाराच्या कोपऱ्यात उभी केली आणि आतून दार ओढून घेतलं. नीट लागेना म्हणून आणखी जोरात ओढलं.

वर्तमानपत्र तिथेच टाकून भिंगकाका तरातरा गेले आणि त्यांनी दार खसकन उघडलं.

गुंडाळी धप्पकन त्यांच्या पायावर पडली. ते खाली वाकले, आधी सळया उचलल्या, एकेकीवरून बोट फिरवलं आणि मगच वर बघितलं.

जावई लांब सीटवर पालथे पडले होते. शर्ट वर सरकलेला, कमरेला वीतभर रुंद पट्टा. शेजारी मलमाची उघडी ट्यूब आणि तोच झोंबणारा वास. वेदनेने चेहरा पांढराफटक पडला होता.

"कमरेतली गादी सरकलीय," ते उठायची धडपड करत म्हणाले. "दोन तास चालवलं की पाय बधिर होतो. पाठ टेकायला ही एकच जागा, म्हणून सळया बाजूला ठेवतो."

"आणि वर दार आपटता त्यांच्यावर!" भिंगकाकांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. "कधीपासून आहे हे?"

"वर्ष होईल. बाबा, हिला सांगू नका. ही माझं चालवणं बंद करेल. क्लबला कळलं तर घरीच बसवतील. तुम्हाला माझी शपथ आहे."

खिशातलं भिंग आता त्यांना दगडासारखं जड वाटायला लागलं. सचिवांच्या टेबलावर चिठ्ठी पडली होती आणि ती त्यांच्याच हातची होती.

परत आल्यावर ते थेट सचिवांकडे गेले. "चिठ्ठी परत द्या. माझी चूक झाली."

"मग सळया कशाने वाकल्या?"

कमरेचं सांगितलं तर नोकरी जाणार, न सांगितलं तर संशय राहणार. भिंगकाका घुटमळले. "माझ्याच बांधण्यात खोट होती," ते म्हणाले.

सचिव हसले. "जावयाला पाठीशी घालताय, काका." आणि व्हॅनच्या किल्ल्या काढून घेतल्या. खूप गयावया केल्यावर इतकंच मान्य झालं की, जावयांनी भिंगकाकांच्या हाताखाली स्टोअरमध्ये काम करावं.

चिठ्ठीची बातमी लेकीच्या कानावर जायला एक दिवसही लागला नाही. "जावयाच्या पोटावर पाय देणारा बाप मी पहिल्यांदा बघितला," एवढं बोलून तिने माहेरी पाऊल टाकायचं बंद केलं. जावई खाली मान घालून गप्प राहिले. भिंगकाकाही. बायको रोज विचारी, "अहो, असं केलंत तरी का?" आणि ते भिंतीकडे बघत.

त्या दिवसांत त्यांनी सळया ठेवायला जाड प्लास्टिकचा पाइप कापला, आतून फोम लावला, दोन्ही टोकांना घट्ट झाकणं बसवली आणि तो व्हॅनच्या छताला आतून पट्ट्यांनी आवळला. पट्टे आवळायला जावई होते; त्यांना वाकावं लागू नये म्हणून भिंगकाका खालचं सामान स्वतः उचलून देत. मागची सीट मोकळी झाली. आता तिच्यावर पाठ टेकायची ज्यांना गरज होती, ते व्हॅनवर नव्हते.

तीन महिन्यांनी जावयांना सकाळी अंथरुणातून उठताच येईना. तेव्हा सगळंच उघडं पडलं. लेक दवाखान्यातून तडक बापाकडे आली. डोळे सुजलेले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि मी वाटेल ते बोलले, तरी तुम्ही गप्प?"

"त्यांनी शपथ घातली होती, अगं."

तिचा राग पुरता गेला नव्हता. चिठ्ठी लिहिली होती हे काही खोटं नव्हतं. मग तिने डबा पुढे केला. "दुपारी मला शाळेत शिकवायला जायचंय. डबा तुम्ही न्याल? ते दुखणं लपवतात. डॉक्टरांना खरं सांगतायत की नाही, तेवढं बघा."

"ते बघतो," भिंगकाका म्हणाले आणि चपला शोधायला लागले.