भामरे सरांनी अडवलेला निकाल

भामरे सर कोणत्याही वस्तूला आधी हाताच्या पाठीनं शिवत आणि मगच ती धरत. दाराची कडी असो, स्टाफरूममधलं लोखंडी कपाट असो, की प्राचार्यांनी पुढे केलेली खुर्ची. विजेच्या कामातल्या माणसाची ती सवय. पाठीला झटका बसला तर हात मागे येतो, तळव्याला बसला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. शिंदखेड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझाही हात तसाच चाचपून मग हातात घेतला. मी इंग्रजी शिकवतो असं सांगितल्यावर म्हणाले, "बरं. धोका नाही."

ते व्यवसाय शाखेत विजेची कामं शिकवत. ही शाखा मैदानापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरे आणि दहावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की तिची आठवण सगळ्यात शेवटी येई. आधी विज्ञान भरायचं, मग वाणिज्य, मग कला. त्यातूनही उरलेल्यांना शिपाई शेडकडे बोट दाखवायचा. भामरे सर त्यांना टक्के विचारत नसत. "घरी मोटर कोण चालू करतं?" एवढंच विचारत. "वडील" असं उत्तर देणाऱ्याला "मग वडिलांना पाठव" म्हणत. वर्गात कुणी चिडून बोलायला लागलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पहिले मेन बंद कर, मंग बोल." आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही त्यांनी ते दोनदा वापरलं. दोन्ही वेळा प्राचार्य बोलत होते.

दरवर्षी जूनमध्ये आमच्याकडे करिअर मार्गदर्शन मेळावा व्हायचा. मंडप, शाल, श्रीफळ, आणि धुळ्याहून आलेले एखाद्या क्लासचे संचालक. संचालक दीड तास सांगायचे की प्रत्येक मुलात एक डॉक्टर दडलेला असतो. ते ऐकून आमच्या तालुक्यात आजारी पडायला कोणी उरणार नाही अशी मला काळजी वाटे. एका वर्षी शिष्टाचार म्हणून भामरे सरांना शेवटी दोन मिनिटं दिली. ते माईकजवळ गेले, दांड्याला हाताची पाठ लावली आणि म्हणाले, "मंडपवाल्यानं अर्थिंग दिलेलं नाही. सगळ्यांनी चपला घालून बसा." आणि खाली उतरले. त्या मेळाव्यात उपयोगी पडेल असं बोललेले ते एकटेच.

त्याच मेळाव्यानंतर जयश्री पाटील त्यांच्या शेडमध्ये आली. जवळच्या खेड्यातली, दहावीला एक्क्याऐंशी टक्के. एवढे टक्के घेऊन शेडकडे कोणी चुकूनही वळत नसे. सरांनी तिला परत पाठवलं.

"सायन्सला जा. इथं आलीस तर कोणी पेढे वाटणार नाही."

"मला गोड आवडत नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सरांनी तिला तो मोटरचा प्रश्न विचारला. शेतातली मोटर तीच चालू करायची, कारण वीज कधी येईल याचा नेम नसे आणि वडील व मोठा भाऊ गौरव दोघांनाही स्टार्टरची भीती वाटे. सर म्हणाले, "आबांची सही आण. आणि सहीबरोबर आबांना पण."

तिचे वडील हिलाल आबा आले. मी त्या दिवशी फॉर्म तपासायला शेडमध्येच होतो. पांढरेशुभ्र कपडे, हातात मेळाव्यात वाटलेलं रंगीत पत्रक. पोरीचा हट्ट त्यांना मोडवत नव्हता, पण गावात पोर सायन्सला जाणार असं आधीच सांगून झालं होतं. "सही करतो," ते म्हणाले, "पण गावात आम्ही सायन्सच सांगू. पोर मोटारी खोलते म्हटलं तर उद्या सोयरीक कोण करेल?"

सरांनी त्या पत्रकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "गावात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." आणि मान हलवली. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

दोन वर्षं ती पोर शेडमध्ये सगळ्यांच्या पुढे राहिली. बारावीच्या वर्षी या शाखेतल्या मुलांना ठरावीक दिवस बाहेरच्या दुकानात काम करावं लागतं. दुकानदार त्याची रोज वहीत नोंद करतो, वही दुकानातच ठेवतो आणि शेवटच्या पानावर प्रमाणपत्र लिहून देतो. ती वही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही आणि प्रात्यक्षिक नसेल तर बारावी नाही. बहुतेक ठिकाणी एखाद्या मामाच्या दुकानाचा शिक्का मारून हे काम एका दुपारी उरकतात. भामरे सर शिक्क्यावर विश्वास ठेवत नसत. ते अचानक दुकानात जाऊन उभे राहत. जयश्री बाजारपेठेतल्या रमेशभाऊंच्या दुकानात जळालेल्या मोटारी भरायची, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची. सर तिथे तीनदा गेले. तिन्ही वेळा ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काम करत होती. मागच्या खोलीतच का, हे त्यांनी विचारलं नाही. वहीही उघडून पाहिली नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी हिलाल आबांनी ती वही बंद पाकिटात आणून दिली आणि चहाला न थांबता निघून गेले. सरांनी पाकीट फोडलं. वहीवर नाव होतं गौरव हिलाल पाटील. शेवटच्या पानावरच्या प्रमाणपत्रातही गौरव हिलाल पाटील. आतल्या नोंदी सगळ्या खऱ्या. कुठल्या दिवशी कोणती मोटर, किती तार, सगळं बरोबर. फक्त ते सगळं तिच्या भावानं केलं होतं, जो ते सगळे महिने धुळ्याला एका क्लासमध्ये होता.

जयश्रीनं वही हातात घेतली, मिटली आणि पुन्हा उघडली. जणू दुसऱ्यांदा उघडल्यावर नाव बदललेलं असेल.

प्राचार्यांना हा प्रश्न फारसा अवघड वाटला नाही. "आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच. दोनच ठिकाणी पहिलं नाव बदलायचं. व्हाइटनर नाही का आपल्याकडे?" व्हाइटनर माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. परीक्षा विभाग माझ्याकडे असल्यानं ते नेहमीच असे. मी ते काढून टेबलावर ठेवलं, हे इथं सांगितलं पाहिजे.

भामरे सरांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "वरून जयश्री होईल. खाली गौरवच राहील."

"तुम्ही स्वतः पाहिलंय तिला काम करताना," मी म्हणालो.

"म्हणून तर. मी पाहिलेलं खरं खाडाखोड करून लिहू?"

 जयश्रीचा आवाज चढला. "सर, उद्या अकराला परीक्षा आहे. माझी बारावी जाईल."

"जाऊ शकते," सर म्हणाले.

"मग तुमच्या तत्त्वाचं मी काय करू? लोणचं घालू?"

मला वाटलं, आता ते मेन बंद करायला सांगतील. त्यांनी वही पाकिटात घातली. म्हणाले, "सकाळी नऊला दुकानात ये."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. बाजाराचा दिवस होता. रमेशभाऊंच्या दुकानासमोर जळालेल्या मोटारी घेऊन सात-आठ जण बसले होते आणि त्यातले निम्मे जयश्रीच्या गावचे. रमेशभाऊ हातातली पक्कड खाली न ठेवता म्हणाले, "आबांनी सांगितलं तसं लिहिलं सर. वही गल्ल्यावर असते, त्यांच्या गावचं कोणीही चाळतं. आबा म्हणतील तर दुरुस्त करतो. मला त्यांच्या गावात गिऱ्हाईक करायचंय." जयश्रीनं वडिलांना फोन लावला. निघालोच, म्हणाले. साडेनऊला पुन्हा लावला. निघालोच. दहाला फोन उचलला नाही. जयश्री दुकानाच्या पायरीवर बसून होती. तिनं सरांकडे पाहणं सोडून दिलं होतं. मी प्राचार्यांचे फोन कापत होतो. बाहेरून आलेले परीक्षक कॉलेजात पोचून नाश्ता करत होते.

दहा वाजून वीस मिनिटांनी हिलाल आबा आले. समोर बसलेली गावची मंडळी पाहून त्यांनी मोटरसायकल पुढे नेऊन लावली. तिथूनच सरांना हात केला. "सर, दोन मिनिटं बाजूला या."

"बाजूलाच तर दोन वर्षं बोललो, आबा," सर म्हणाले. "आता इथंच बोलू."

आबा जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "बठ्ठा गावले मालूम पडी." सगळ्या गावाला कळेल.

"पडू द्या. पहिली चूक माझी आहे. तुम्ही खोटं सांगणार हे मला त्या दिवशी कळलं होतं आणि मी मान हलवली. मी तेव्हाच नाही म्हणालो असतो तर पोर आज पायरीवर बसली नसती." सरांनी वही पुढे केली. "खाडाखोड करायची नाही. खाली एवढंच लिहा, की नाव मुलाचं घातलं, काम मुलीनं केलं. का घातलं तेही लिहा."

आबांनी वही घेतली नाही. समोर बसलेल्यांतला एक म्हातारा शेतकरी हे सगळं मन लावून ऐकत होता. त्यानं रमेशभाऊंना विचारलं, "मंग मनी मोटर कोन्ही भरी?" मग माझी मोटर कोणी भरली?

रमेशभाऊ पक्कड पुसायला लागले.

"मी काय इचारी ऱ्हायनू? दिवाळीपासून बंद नही पडनी ती. कोन्ही भरी?"

 जयश्री उठून उभी राहिली. ती सांगेल असं मला वाटलं आणि ती सांगणारही होती. सरांनी तिला हातानं थांबवलं. ते आबांकडे बघत राहिले. साडेदहा झाले. मी पाहिलेल्या कुठल्याही परीक्षेत इतकी शांतता नव्हती.

"मनी आंडेरनी," हिलाल आबा म्हणाले. माझ्या मुलीनं.

मग सगळं घाईनं झालं. आबांनी लिहिलं, रमेशभाऊंनी लिहिलं, आणि त्या म्हाताऱ्यानं कोणी न सांगता साक्षीदार म्हणून सही केली. अकराला पाच कमी असताना आम्ही शेडमध्ये शिरलो. परीक्षकांनी ते शेवटचं पान दोनदा वाचलं. ते कोरडे पण सज्जन गृहस्थ होते. म्हणाले, "परीक्षेला बसू देतो. पण हे मला बोर्डाला कळवावं लागेल. निकाल राखून ठेवतील." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोन नावंच बदलायची होती ना? मी इतकं बारीक बघितलं नसतं हो."

निकाल खरंच राखून ठेवला. कॉलेजात पेढे वाटले गेले, जयश्रीच्या नावापुढे रेघ होती. धुळ्याच्या तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचं तिचं ठरलं होतं, त्या प्रवेशाच्या फेऱ्या निघून गेल्या. निकाल आला तेव्हा ती शाखेत पहिली होती आणि उरलेली एकच जागा जळगावला होती. ती तिकडे गेली. जाताना सरांना भेटली नाही. सर महिनाभर रोज शिपायाला विचारत, "पाटलांची पोर येऊन गेली का?" नंतर विचारेनासे झाले. त्यांनी चूक केली का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "केली ना. दोन वर्षं आधी."

निवृत्तीनंतर वर्षभरातच भामरे सर गेले. हृदयविकार. कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. प्राचार्य वीस मिनिटं बोलले आणि व्यवसाय शिक्षणाचा दीपस्तंभ हरपल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं. त्या शेडचा पत्रा बदलून मिळावा म्हणून सरांनी दिलेले अर्ज प्राचार्यांच्याच टेबलावर पडून होते. "आणखी कुणाला बोलायचंय का?" असं रीतीप्रमाणे विचारलं गेलं, तेव्हा मागून जयश्री उठली. जळगावच्या एका पंप कारखान्यात ती आता नोकरी करते, एवढं मला ठाऊक होतं.

"सरांमुळं माझा निकाल अडला," ती म्हणाली. सभागृहात चुळबुळ झाली. "माझं धुळ्याचं कॉलेज गेलं. मी त्यांच्यावर पुष्कळ दिवस रागावले होते, थोडा राग अजून आहे. पण निकाल लागला नाही म्हटल्यावर गावातला प्रत्येक माणूस आबांना विचारायचा, पोर नापास झाली का? आणि नापास नाही, हे सांगायचं तर आबांना सगळंच सांगावं लागायचं. वही कुणाच्या नावानं होती, का होती, मोटारी कोण भरत होतं. दारात, पारावर, सोसायटीत, दूध घालताना. तेवीस दिवस आबा रोज तेच सांगत होते."

ती बसली. प्राचार्यांनी आभाराचा कागद शोधायला खिशात हात घातला.

"चोवीस," मागच्या रांगेतून हिलाल आबा म्हणाले.