निवृत्ती एकदाच वारले

नव्व्याण्णव सालची गोष्ट. नल्लकुंट्याची विमलाबाई, दहावी शिकलेली, नवरा गेल्यावर हिमायतनगरच्या एका कॉम्प्युटर हापिसात लागली. काम काय म्हणशील, तर मराठी पेपर वाचायचे आणि बातमीत काय घडलं त्याला पडद्यावर रंग द्यायचा. घडल्याचा शब्द पिवळा, कोणाचं घडलं ते हिरवं, कुठं ते निळं, कधी ते लाल. पुढं होणार म्हणून नुसतं बोललेत, त्याला रंग नाही. असं हजारदा दाखवलं की मग कॉम्प्युटर आपलं आपण हुडकतो म्हणे.

वरचा साहेब हर्षवर्धन, मलकपेठचा. घरी मराठी, शाळा इंग्लिश. बोलताना हैदराबादी हिंदी मिसळायचा, मराठी वाचायचं तर अडखळायचा, पण तोरा काय सांगू! त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडला, "क्या जी विमलाबाई, झोपता काय? तीन पेपरात तीन मयती, तुम्ही एकच दाखवली!"

"माणूस एकच आहे साहेब."

"मेरेकू नक्को शिकवा. तीनदा छापलं, तीन घटना. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

घरी बसून खाणार काय? लेक निशिगंधा कॉलेजात, दुसरं कमावणारं कोणी नाही. दुसऱ्या कोणाची मयत असती तर विमलाबाई गप्प बसली असती. पण तिनं हिरवा रंग दिला होता तो नवऱ्याच्या नावाला, निवृत्तीला. पहिला पेपर शहाण्णवचा, वारल्याची बातमी. पुढच्या दोन वर्षांच्या पेपरांत तिनंच जाहिरात दिलेली. आपल्या बौद्ध लोकांत वर्षाच्या वर्षाला त्या तारखेला पुण्यानुमोदन करतात ना, भंतेजी येतात, वंदना होते, जेवण होतं. त्याचं बोलावणं फोटोसकट छापलेलं.

ती ताडकन उठली. "साहेब, वाचा. मोठ्यानं वाचा."

"का... काल..." हर्षवर्धन 'कालकथित' या पहिल्याच शब्दाला अडकला; आपल्यात वारलेल्याच्या नावापुढं तसं लिहितात. मागं बसलेली भाग्यलक्ष्मी फिस्सकन हसली.

"राहू द्या, मी वाचते. बारा मार्च शहाण्णवला वारले. तिन्हीत तारीख तीच! छापलं कधी ते सोडा, गेले कधी ते बघा. आणि जेवण होणार म्हणून छापलंय, झालं म्हणून नाही. त्यालाही तुमच्याच नियमानं रंग नाही."

"घरच्या गोष्टी इथं नक्को!"

"मग हा घ्या माउस. माझ्या नवऱ्याला अजून दोनदा मारा, आणि काम करणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लिहा. माझ्या हातनं व्हायचं नाही."

तो खुर्चीत बसला. सगळ्या बाया टक लावून बघत होत्या. नाव लिहायला बोट नेलं, मागं घेतलं, पुन्हा नेलं. मग दातओठ खात उठला. "राहू द्या एकच. लेकिन ही जागा तुमची नाही आता."

दुसऱ्या दिवशी संडासाच्या दाराजवळचं टेबल मिळालं. नाकाला पदर लावून पाच वर्षं तिथंच बसली बाई. कोणाच्या मयतीचा कागद आला की हर्षवर्धन गुमान शिपायाच्या हाती तिच्याकडं धाडायचा, आणि ती काम करून तसाच परत धाडायची. तिनं दिलेला रंग त्यानं पुन्हा कधी बदलला नाही.