शनिवारची नोंद

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला काटोलच्या तहसीलीतली जुन्या कागदपत्रांची खोली आठवते. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात मी आत्याबरोबर नागपूरहून तिथे गेलो होतो. तिच्या यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मृत्यूच्या दाखल्याशिवाय त्यांची संत्र्याची बाग तिच्या नावावर चढत नव्हती. ते मंगळवारी गेले, असं आत्याने तारखेसकट सांगितलं. कारकुनाने जन्ममृत्यूची वही दोनदा चाळली आणि म्हणाला, “बाई, त्या मंगळवारी तुमच्या गावात कोणीच मेलं नाही.” आत्या म्हणाली, “मंग आमी कोनाले जाळलं, भाऊ?” तिने सोबत आणलेला गावचा म्हातारा कोतवाल दारातूनच बोलला, “मी बाजाराच्या दिवशीच ठाण्यात जाऊन गावातल्या मरणाची वर्दी देत होतो, साहेब, अन् तिथूनच ती या वहीत चढे. शनवार पाहा.” नोंद शनिवारी सापडली. कारकून म्हणाला, “दाखल्यावर हीच तारीख येईल, बदलता येत नाही.” आत्या म्हणाली, “लिहा. चार दिवस जास्त जगले, तर जगू द्या त्याईले.” पावसाळ्याआधी बाग तिच्या नावावर झाली. आत्या होती तोवर त्यांच्या जाण्याचा दिवस मंगळवारच धरत असे. आता ती नाही, आणि ते कधी गेले असं कोणी विचारलं तर मीही दाखल्यावरची तारीख सांगतो.