नाकाच्या शेंड्यावरचा फोड

डॉक्टरबाईंनी माझ्या डोळ्याकडे आधी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिला माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा ज्वारीच्या दाण्याएवढा फोड.

"हा कधी आला?"

"परवा."

"आणि तुम्ही आज येताय?"

मला रागच आला. डोळा धरून मी दिग्रसहून यवतमाळला एसटीनं आलो होतो, उभ्यानं. डावा डोळा सुजून बंद झालेला, कपाळाची डावी बाजू जळत होती, आणि या बाई नाकाची चौकशी करून राहिल्या होत्या. मी म्हणालो, "मॅडम, नाकाचं सोडा. डोळ्याचं पाहा."

त्या म्हणाल्या, "नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकच नस जाते. शेंड्यावर फोड आला की डोळ्यात गेलं असं आम्ही धरतो. याला हर्पिस झोस्टर ऑफ्थॅल्मिकस म्हणतात."

मग मराठीत सांगितलं. हर्पिस झोस्टर म्हणजे आपली नागीण. ऑफ्थॅल्मिकस म्हणजे डोळ्याच्या नसेवर बसलेली. लोकांना वाटतं नागीण कमरेलाच होते. ती कपाळावरही होते, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

"डोळा राहील ना?" मी विचारलं.

"आज काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढे अकरा दिवस माझ्यासोबत होतं.

माझा डोळा म्हणजे माझं काम. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होतो. शेतकऱ्याचा कापूस आला की गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि लांबी पाहायची. मग उजेडात धरून रंग पाहायचा. पिवळेपणा किती, किडका किती, पावसात भिजून वाळवलाय का. यंत्र-बिंत्र काही नाही. मी म्हणेन ती प्रत. एकवीस सीझन मी हेच केलं, आणि माझ्यासारखा रंग पाहणारा चार तालुक्यांत नव्हता. फुशारकी वाटेल तर वाटू द्या.

ग्रेडरनं सीझनमध्ये कोणाचा चहा पिऊ नये, असा आमच्याकडे रिवाज. शेतकऱ्याचा प्याला तर व्यापाऱ्याला संशय, व्यापाऱ्याचा प्याला तर शेतकऱ्याला. म्हणून मी थर्मास घरून न्यायचो आणि भिंतीकडे तोंड करून एकटाच प्यायचो. बायको होती तोवर याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी गेलं की ती दिवसभराचं सगळं विचारायची, कोणाची गाडी आली, कोण भांडलं. दोन वर्षांपूर्वी ती वारल्यावर थर्मास मी भरायचो आणि मीच रिकामा करायचो. मुलगी प्रज्ञा नागपूरला, तिच्या संसारात. रोज फोन करायची. "बाबा, कसे आहात?" "बरा आहे." झालं बोलणं.

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. बोंडअळीनं लोक हैराण झालेले. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, आणि प्रत्येक माणूस माझ्या तोंडाकडे पाहून राहिलेला. मी कापूस उजेडात धरला की त्यांचा श्वास थांबायचा. त्यांच्याकडे पाहायचं टाळायला मी शिकलो होतो.

आजाराची सुरुवात अशी झाली. एका सकाळी कपाळाच्या डाव्या बाजूला मुंग्या आल्या. केसांतून कंगवा फिरवला तर कातडी सोलल्यासारखी झाली. दिसत मात्र काहीच नव्हतं. दोन दिवसांनी पुरळ आलं, लाल, अर्ध्या कपाळावरच. नाकाच्या मधोमध रेघ मारावी तसं, पलीकडे एकही फोड नाही. आता वाटतं, एवढ्या एका गोष्टीवरून मी समजायला पाहिजे होतं. कीटकनाशकाचा फवारा लागतो तो काय रेघ आखून लागतो?

पण किसन हमाल म्हणाला, "साहेब, फवारा लागला तुमाले. यंदा लोक लय औषध मारून राह्यले कापसावर. हात घालता अन् तोच हात कपाळाले लावता."

मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. त्या काळात आमच्याकडे कोणाला उलटी झाली तरी फवारा आणि चक्कर आली तरी फवारा. मी खोबरेल तेल लावलं आणि कामावर गेलो.

आणि दुसरी चूक केली ती त्याहून मोठी. काटाघराच्या खिडकीत डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली असायची. रुईच्या धुळीनं सीझनभर सगळ्यांचे डोळे लाल, त्यामुळे एका बाटलीतून सगळे टाकायचे. काटेवाला, हमाल, ड्रायव्हर, मीही. संपली की झाकण दाखवून मेडिकलमधून तशीच आणायची. टाकलं की तासाभरात डोळा पांढरा. माझा डोळा लाल झाला तेव्हा मी तेच टाकलं, दिवसातून पाच-सहा वेळा, तीन दिवस.

येताना सोबत घेतलेली ती बाटली मी खिशातून काढून डॉक्टरबाईंना दाखवली. त्यांनी लेबल वाचलं आणि डोळे मिटले.

"यात स्टेरॉइड आहे. लाली जाते, कारण शरीराचा प्रतिकारच दबतो. विषाणूला तुम्ही मोकळं रान दिलंत."

मला दाखल करून घेतलं. फॉर्मवर नातेवाईकाची सही हवी होती. सिस्टर म्हणाली, "सोबत कोण आहे काका?" मी मागे वळून पाहिलं, जसं काही कोणी असेलच. मग म्हणालो, "मीच." माझ्याच फॉर्मवर नातेवाईक म्हणून मीच सही केली.

तपासण्या सुरू झाल्या. स्लिट लॅम्प म्हणजे हनुवटी टेकवून बसायचं, समोरून उजेडाची पट्टी डोळ्यात येते. फ्लुरोसीन म्हणजे पिवळा रंग. डोळ्यात लावून निळा उजेड टाकला की जखम हिरवी चमकते. माझ्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यावर, फांद्याफांद्यांची जखम होती. औषध असायक्लोव्हिर, विषाणूची वाढ रोखणारं, दिवसातून पाच वेळा. पुरळ आल्यापासून बहात्तर तासांत सुरू झालं तर चांगला उपयोग. मला पाच दिवस होऊन गेले होते.

रक्तातली साखर पाहिली. एचआयव्हीचीही तपासणी केली. "प्रतिकारशक्ती कशानं कमी झाली ते शोधावं लागतं," त्या म्हणाल्या. रिपोर्ट यायला दोन दिवस. मी आयुष्यात वावगं काही केलं नव्हतं, तरी त्या दोन दिवसांत मी खाटेवर बसून स्वतःची उलटतपासणी घेतली. शेजारचा माणूस डबा उघडून म्हणाला, "घ्या ना जी, भाकर घ्या." मी म्हणालो, "नको, जेवलो." जेवलो नव्हतो. एकवीस वर्षांची सवय, कोणाचं घ्यायचं नाही.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. मग डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, असं विचारलं.

झाल्या होत्या. मी आठ वर्षांचा होतो. आम्ही नुकतेच बौद्ध झालेलो. आजी म्हणाली माता आली, कडुनिंब आणा, दारात पाणी ठेवा. बाप म्हणाला, "माता-बिता काही नाही. रोग हाये थो." आणि खांद्यावर बसवून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. त्याचा मला आजही अभिमान आहे.

"तुमचे वडील बरोबर होते," त्या म्हणाल्या. "पण तो रोग पूर्ण गेला नाही. कांजिण्यांचा विषाणू फोड सुकले तरी शरीरातून जात नाही. नसांच्या मुळाशी जाऊन झोपतो. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. पहारा ढिला पडला की तो उठतो आणि त्याच नसेनं बाहेर येतो."

पंचेचाळीस वर्षं तो माझ्या डोक्यात झोपला होता आणि मला पत्ता नव्हता.

"पहारा कशानं ढिला पडतो?"

"वयानं. आजारानं. काही औषधांनी. झोप नसणं, नीट न खाणं, मनावर मोठा ताण, यांचाही हात असू शकतो. तुमच्या बाबतीत नेमकं काय, हे मी छातीठोक सांगणार नाही. घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

"जेवता काय?"

सकाळची पोळी संध्याकाळी चहात बुडवून, हे कसं सांगणार? मग मनात खुपत होतं ते सांगून टाकलं. महिन्यापूर्वी एका म्हातारीचा कापूस मी खालच्या प्रतीत टाकला होता. ती गाडीवर उभी राहून म्हणाली होती, "डोये फुटले का बाप्पा तुये? दुधावानी पांढरा हाये माहा कापूस." कापूस खरंच पिवळा होता. पण दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधून पडलो तेव्हा तिचंच बोलणं कानात घुमत होतं. देव न मानणाऱ्या बापाचा मुलगा मी, आणि शाप मानायला लागलो होतो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शापानं विषाणू उठत असता तर विदर्भात एकही ग्रेडर डोळस राहिला नसता."

मीच हसलो. बऱ्याच दिवसांनी. कपाळ असं दुखलं की विचारू नका.

अकराव्या दिवशी घरी सोडलं. फोड सुकले, खपल्या पडल्या. डोळा उघडला, पण धुकं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं: जखम भरली, तिचा व्रण काचेच्या मधोमध राहिला. थोडं निवळेल. पूर्ण नाही.

जिनिंगमध्ये गेलो. कापूस उजेडात धरला. उजव्या डोळ्यानं पांढरा, डाव्यानं मळका. दोन्ही उघडले की कोणता खरा ते कळेना. शेतकरी माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी कापूस खाली ठेवला आणि मालकाला म्हणालो, दुसरा माणूस पाहा. अंदाजानं कोणाच्या वर्षाच्या मेहनतीवर शिक्का मारणं मला जमलं नसतं.

खरा आजार त्यानंतर सुरू झाला. कातडी बरी, पण दुखणं जाईना. वारा लागला तरी कपाळातून वीज जायची. याला पोस्ट हर्पेटिक न्युराल्जिया म्हणतात, म्हणजे नागीण गेल्यावर नसेत राहिलेलं दुखणं. फोड होते तोवर लोक दारातून का होईना विचारायचे. फोड गेले तसे म्हणायला लागले, "आता तर काहीच दिसत नाही." दिसत नाही ते दुखणं कोणाला दाखवणार? घरात मी, भिंती आणि रेडिओ. काही दिवस मी आंघोळही केली नाही. एकदा वाटलं, सकाळ झालीच नाही तर बरं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो, कारण वाचणाऱ्यात कोणी तसं असेल.

डॉक्टरबाईंनी एक लहान गोळी लिहून दिली, अमिट्रिप्टिलिन. मेडिकलवाला पोरगा चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "काका, ही तर डिप्रेशनची गोळी हाये. कोणाले पाह्यजे?"

"भावाले," मी म्हणालो. मला भाऊ नाही. गोळ्या आणून कपाटात ठेवल्या. महिनाभर.

पुढच्या तपासणीला बाईंनी पाकीट मागितलं. एकही गोळी कमी नव्हती. मी म्हणालो, "मला वेड लागलेलं नाही."

"कोण म्हणालं?" त्यांनी कागद घेतला. "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं. मन, झोप, भूक यांत त्याचा हात असतोच, पण दुखण्याला ब्रेक लावायलाही मेंदू ते वापरतो. ही गोळी ते आणि त्याच्यासारखं आणखी एक रसायन पेशींच्या मध्ये जास्त वेळ टिकवते. तुम्हाला मी ती नसेच्या दुखण्यासाठी दिली. पण मनासाठी दिली असती तरी लाज कशाची? डोळ्याचं औषध घेता, मेंदू काय परका आहे?"

मी गोळी सुरू केली. आठवडाभर नुसती गुंगी आणि तोंड कोरडं. तिसऱ्या आठवड्यात एकदा टॉवेलनं तोंड पुसलं आणि लक्षात आलं, आपण चेहरा पुसला आणि कपाळातून वीज गेली नाही. जादू नाही. दुखणं निम्म्यावर आलं. बाई म्हणाल्या, "निम्मं गोळी करते. उरलेलं माणसं करतात. घरी कळवलंय का?"

नव्हतं कळवलं. तीन महिन्यांत प्रज्ञाला मी डोळ्याचं एक अक्षर बोललो नव्हतो. दवाखान्यातूनही "बरा आहे" म्हणालो होतो.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो. एकाच बाजूला जळजळ आणि पुरळ आलं, तर फवारा म्हणून बसू नका. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर त्याच दिवशी निघा. कोणाच्या बाटलीतले थेंब डोळ्यात घालू नका. दुखणं राहिलं तर गोळी कपाटात ठेवू नका. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. डोळ्याचं जेवढं वाचलं तेवढं त्यांच्यामुळे, आणि त्यांनी तो शेवटचा प्रश्न विचारला म्हणून पुढचं घडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञाचा फोन आला. "बाबा, कसे आहात?"

तोंडात "बरा" आलंच होतं. गिळलं. म्हणालो, "बेटा, डाव्या डोळ्यानं मले नीट दिसत नाही. काम सोडलं. तुही आई गेल्यापासून घरात करमत नाही."

ती रडत म्हणाली, "दोन वर्षं रोज फोन करून राह्यली मी. मंग मी बोलत कोणाशी होती, बाबा?"

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला, आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं तिच्या आईसाठी सोबत रडलो.