एक टॅपेट सैल

मैत्रिणीचे वडील बस डेपोत मेकॅनिक होते. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणत, मी काका म्हणते. काचबिंदूने त्यांची नजर गेली. समोर कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

काकू गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. संध्याकाळी काका दाराशी खुर्ची टाकून रस्त्याकडे कान लावून बसत. लेकीच्या मोटरसायकलचे टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह दाबणारे दोन खटके, सैल झाले होते. ती वळणावर आली की टिकटिक ऐकू यायची. मग काका उठून चहाचा गॅस पेटवत.

तिला मात्र त्या आवाजाची लाज वाटू लागली. ती काम करते त्या प्रयोगशाळेतले लोक म्हणत, आलं शिवणयंत्र. एका रविवारी तिने फर्मान काढलं, आज टॅपेट सेट करायचे. काका म्हणाले, गाडी म्हातारी झाली की कुरकुरायचीच. तुम्ही तर गाडीपेक्षा म्हातारे, तुमची कुरकुर कुठे ऐकू येते, असं म्हणत तिने हत्यारं पुढ्यात ठेवली आणि पायीच बाजाराला गेली. टॅपेट थंड इंजिनावरच सेट करतात, आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. सबब उरली नव्हती.

मी टॉर्च धरून बसले. काकांना तिची गरज नव्हती, मला होती.

त्यांनी झाकणं काढली. इंजिन हाताने हळूहळू फिरवलं आणि आतल्या चाकावरची खूण जुळली की सांग, म्हणाले. मी सांगितलं. मग फट मोजायचा फिलर गेज उघडला. पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पोलादी पट्ट्या, प्रत्येकीची जाडी वेगळी. अंगठ्याने चाचपून त्यांनी एक काढली. दोन्ही टॅपेटना हीच, म्हणाले. पहिल्याच्या फटीत ती सरकवली, स्क्रू किंचित फिरवला. ओल्या कागदावरून बोट फिरावं तशी पट्टी अडत अडत निघाली. नट आवळला.

दुसऱ्या टॅपेटला त्यांनी दोन पट्ट्या एकत्र धरल्या. बोटं चुकली असं मला वाटलं.

"काका, दोन आल्यात."

"माहीत आहे."

त्यांनी स्क्रू जरा सैल केला.

"घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो. थोडा सैल असला तर नुसता वाजतो. वाजू दे एक. नाहीतर ती आली हे मला कसं कळायचं?"

मी टॉर्च नटावर धरली. त्यांनी तो आवळला.

ती परतली आणि किक मारली. इंजिन बरंच शांत झालं होतं. फक्त एक बारीक टिकटिक. तिने कान इंजिनाजवळ नेला. उस्तादांची लेक ती, कुठला टॅपेट वाजतोय हे तिला न कळणं शक्य नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ते फडक्याला हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत होते.

"झकास झालं, बाबा," ती म्हणाली. "एक चक्कर मारून येते."

ती गेली. काका भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले आणि लायटर घेऊन ओट्याशी थांबले. मी कप मांडले.

टिकटिक वळणावर आली तसा गॅस पेटला.