तांडेलांच्या टाकीचा नारळ

नारळी पौर्णिमेला सगळं दातिवरे दर्याला नारळ द्यायला किनाऱ्यावर जमायचं, तेव्हा त्याच गावचे हरेश्वर तांडेल बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत ॲसिडच्या टाकीला नारळ द्यायला यायचे. सुट्टी असो, घरची माणसं शंख करत असोत, तांडेल हजर. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला टिळा, हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. टाकीला हळदकुंकू व्हायचं. उदबत्ती मात्र पार गेटजवळ लावायची, कारण ॲसिडमधून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. नारळही ॲसिडमध्ये नाही, तर शेजारी माल धुण्याच्या पाण्याच्या टाकीत सोडायचा. "ॲसिडमधी टाकला तर ॲसिड नासंल ना, बाय!" असं ते मला दरवर्षी समजावून सांगायचे. माणूस भाविक होता, पण केमिस्ट्रीला धरून. मग तोच नारळ बाहेर काढून, फोडून ते प्रसाद वाटायचे. त्या पाण्यात रोज काय काय धुतलं जातं हे ठाऊक असल्यामुळे आम्ही सगळे हात जोडून दुरूनच नमस्कार करायचो आणि तांडेल एकटेच अख्खा नारळ खायचे.

आमचा कारखाना गाड्यांचे पोलादी सुटे भाग करतो. भाग भट्टीतून निघाले की त्यांच्यावर काळी खपली धरते. ती काढल्याशिवाय पुढचा मुलामा बसत नाही. आमच्याकडे त्यासाठी भाग ॲसिडमध्ये बुडवायचे, म्हणजे पिकलिंग करायचे. तांडेल त्या खात्याचे राजे. मी मनोरची, क्वालिटी खात्यातली, म्हणजे राजाच्या राज्यात येऊन नाक खुपसणारी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं, "तू मोजमाप घे, माजं काय म्हणणं नाय. पण टाकीशी बोलायचं काम माजं." आणि ते खरोखर बोलायचे. सकाळी आल्या आल्या टाकीला विचारायचे, "काय गो, आज भूक हाय का?"

नम्रता या गुणाशी तांडेलांचा दूरचाही संबंध नव्हता. बीएस्सी केमिस्ट्री झाल्याचं ते रिक्षावाल्यालाही सांगायचे. "अर्ध्या हिंदुस्थानच्या गाड्या माज्या टाकीत आंगोळ करून गेल्यात," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. ॲसिडच्या शिंतोड्यांनी त्यांच्या प्रत्येक शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. पुतणीच्या लग्नात त्यांच्या बायकोने नवा शर्ट आणून दिला, तर हे महाशय भोकांचाच घालून मांडवात उभे! वरपक्षाला कळायला नको का, मुलीचा काका कोण आहे ते.

काम मात्र ते जीव लावून करायचे. कोणी भाग जास्त वेळ टाकीत ठेवले की त्यांचा आवाज शेजारच्या कुंभवली गावापर्यंत जायचा. "अरे, आंगोळ घालायला सांगितली हाय, बुडवून मारायला नाय!" ॲसिड खपली खाऊन झालं की खालचं पोलाद खायला लागतं, हे ते नव्या कामगारांना पोटच्या पोरांसारखं शिकवायचे, फक्त शिव्या जास्त घालून.

रस्त्याच्या पलीकडच्या कारखान्यात ॲसिड नव्हतं. तिथे शॉट ब्लास्टिंगचं मशीन होतं, म्हणजे पोलादाचे बारीक छर्रे जोराने मारून खपली उडवायची. त्या मशीनचा तांडेलांना विलक्षण राग. "लोखंडाला धोपटून कोण साफ करतं? आपण काय धोबी हाव?" त्या कारखान्याच्या बाजूने चालतसुद्धा नसत. चहाची टपरी नेमकी त्याच बाजूला, म्हणून चहा मागवून घ्यायचे.

मग त्या क्लिपांची ऑर्डर आली. ब्रेकचं पॅड जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगच्या पोलादाची छोटीशी पट्टी. मालकांना, म्हणजे आमच्या शेठना, आकाश ठेंगणं झालं. जुन्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या आणि यापुढे कारखाना बहुतेक याच कामावर चालणार होता. साफ कसं करायचं ते आम्ही ठरवायचं आणि पुण्याच्या ग्राहक कंपनीने मान्य करायचं. यात विचार करण्यासारखं काय होतं? टाकी होती, तांडेल होते. पहिल्या क्लिपा ॲसिडमधून चांदीसारख्या चकचकीत निघाल्या. तांडेल ट्रे घेऊन अख्ख्या कारखान्यात मिरवून आले.

दुसऱ्या दिवशी मी त्यातल्या काही क्लिपा ब्रेकमध्ये बसतात तशा ताणून ठेवल्या आणि जेवायला गेले. परत आले तर एक मोडलेली. कोणी हात लावला नव्हता. मी तांडेलांना दाखवली. आधी त्यांनी भट्टीवाल्यांचा उद्धार केला, मग पोलाद विकणाऱ्याचा, मग माझा. मग तुकडे उचलून मोडलेली कड उजेडात धरून पाहिली. "बाय," ते म्हणाले, "ही माज्या टाकीनं मारली."

कारण त्यांना पाठच होतं. उदबत्ती गेटजवळ लावायला लावणारा तोच हायड्रोजन थोडा पोलादातही शिरतो. मऊ पोलादाला फारसा फरक पडत नाही. कडक स्प्रिंग मात्र आतून ठिसूळ होते आणि ताण आला की कधीतरी अचानक मोडते. म्हणजे या क्लिपा ॲसिडमध्ये घालायच्या नाहीत. आणि क्लिपा नाहीत तर टाकीला काम नाही, टाकीला काम नाही तर तांडेलांना नाही.  हे त्यांना सांगायची गरजच नव्हती, तांडेल टाकीकडे बघत होते.

तरी खात्री करायला ॲसिड न लावता छर्र्यांनी साफ केलेल्या क्लिपा हव्या होत्या. त्यासाठी हा माणूस रस्ता ओलांडून त्या धोबीघाटात गेला! कोणी ओळखू नये म्हणून डोक्यावर हेल्मेट, तोंडाला रुमाल. भोकांचा शर्ट मात्र तोच. तिथल्या वॉचमनने गेटवरच हाक मारली, "अरे तांडेलसाब, आज इधर कैसे?"

पुण्याचे साहेब मंजुरी द्यायला आले, त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत तांडेलांनी बांबूची एक चौकट उभी केली होती. गावी बोंबील वाळत घालतात तशी. एका तारेवर ॲसिडच्या क्लिपा, दुसरीवर छर्र्यांच्या, प्रत्येकीला वजन बांधून ताणलेलं. खाली स्टीलची ताटं.

"तांडेल, ये क्या नाटक है?" शेठ दबक्या आवाजात म्हणाले.

"वाळत घातलंय. चहा घ्या."

चहा झाला. बटाटेवडे झाले. काही मोडलं नाही. साहेब घड्याळ बघू लागले. तांडेलांच्या कपाळावर घाम आला. शेठ मात्र खुलले. खुर्चीवर रेलून म्हणाले, "साहेब, चिंताच करू नका. आमच्या तांडेलच्या टाकीतून निघालेला माल आजपर्यंत कधी…"

टण्!

ताटात तुकडा पडला. शेठ वाक्य विसरले. साहेबांनी विचारलं, "हात कुणी लावला?" कोणी नाही. सगळे तारेकडे बघत बसले. थोड्या वेळाने पुन्हा टण्. दोन्ही ॲसिडच्याच. छर्र्यांच्या क्लिपा निवांत लटकत होत्या.

"इथं ताटात पडली," तांडेल म्हणाले. "गाडीत बसवली तर घाटात पडंल."

शेठनी शेवटचा डाव टाकला. ॲसिडनंतर क्लिपा भट्टीत तापवू, हायड्रोजन निघून जाईल. तांडेलांनी मान हलवली. "जाईल. पण टाकीतून काढल्या की लगेच तापवायला पायजेत, दरवेळी, न चुकता. शेठ, माल निघायच्या दिवशी तुमी मला धड जेवू देत नाय, भट्टीला टाइम द्याल?"

साहेबांना हसू आवरेना. शेठ चिडले. "अरे, टाकी बंद होईल! तुझं काय होणार, कळतंय का?"

"माजं काय? मला कोण ब्रेकमधी बसवणार हाय?"

मंजुरी छर्र्यांना मिळाली. नवं मशीन आलं. शेठनी राग गिळून तांडेलांना तेच सांभाळायला सांगितलं, पण त्यांनी एकदा ती खडखड ऐकली आणि कानात बोटं घातली. "हिच्याशी बोलायचं कसं?" एवढंच म्हणाले आणि राजीनामा दिला. आता दातिवऱ्याला असतात. आल्यागेल्याला सांगतात, "सगळ्या तारापुरात सोताची टाकी बंद करणारा मी एकटाच." फुशारकीच आहे, पण खोडून काढता येत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक दाबताना मला हा फुशारकी मारणारा माणूस आठवतो आणि फार बरं वाटतं.

टाकी रिकामी करायच्या दिवशी ते आले होते. चुना टाकून ॲसिड मारायचं, म्हणजे त्याचा जोर घालवायचा, मग ते विल्हेवाटीला पाठवून द्यायचं, सगळी तयारी होती. नारळी पौर्णिमा नव्हती, तरी त्यांच्या हातात सोनेरी कागदातला नारळ. हळदकुंकू वाहिलं. मी सवयीने धुण्याच्या पाण्याकडे सरकून त्यांना वाट दिली. ते तिकडे आलेच नाहीत. वाकून त्यांनी नारळ ॲसिडमध्ये सोडला.

"तांडेल, ॲसिड नासेल ना?" मी म्हणाले.

"नासू दे," ते म्हणाले. "आता तिला कोणाला आंगोळ घालायची हाय?"

कागद काळा पडला आणि नारळ टाकीच्या मधोमध जाऊन थांबला. चुन्याची गोणी घेतलेले कामगार मागे उभे होते. तांडेलांनी स्वतःच त्यांना हाताने पुढे बोलावलं.