‘मी चालू आहे’
सडक्या कांद्याचा वास आला की निमोण्यातल्या मामांची कांदाचाळ आठवते. तिथं मी लावलेले सेन्सर माझ्या फोनवर दोन निरोप पाठवायचे: ओल वाढली तर इशारा, आणि एरवी तासातासाला नुसतं ‘मी चालू आहे’. बॅटरी टिकावी म्हणून हा दुसरा निरोप मी परस्पर बंद केला. इशारा येईना, म्हणून मामांना ‘कांदा ठीक आहे’ सांगत राहिलो. सेन्सर मात्र केव्हाच बंद पडले होते. मामांनी "वास मारतोय रं" म्हणून बोलावलं, तेव्हा सगळाच कांदा गेला असं धरून निघालो. पण एका कोपऱ्यातलाच कांदा नासला होता. चूक माझी, हे एकदाचं बोलून टाकलं. नासके कांदे निवडत मामा म्हणाले, "बैल गप उभा राह्यला तर आपण हात लावून बघतो. तुझ्या यंत्राला बोलू दे की." आता फोन तासातासाला वाजतो, बायकोची झोप मोडते, मला मात्र लागते.